कुठी चालली वं? कुठीच नाई!

(दहावी, १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेव्हा हा विषय माझ्याच वाट्याला येणार हे ठरलेलं. मी म्हटलं, त्यावर तुमच्या मुलांनाच विचारा, ती माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मला सायकलवर बोलू द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग विचारलं, “सायकलवर वीस मिनिटं काय बोलणार?” म्हणून आधीच सांगते, वीस मिनिटांच्या आत संपवते. बाहेर पुरणपोळीचा वास सुटलाय आणि त्याच्याशी स्पर्धा करण्याची माझी हिंमत नाही.

आपल्या वेळचा सायकल स्टँड आठवतो ना? पत्र्याची शेड, आणि त्याखाली एकमेकींवर रेललेल्या सायकली. एक काढायला गेलं की दहा पडायच्या. मुलांच्या बावीस इंची, चोवीस इंची काळ्या सायकली, बहुतेक वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या. आपल्या मुलींच्या लेडीज सायकली, पुढे जाळीची टोपली. तासाच्या भाड्याने सायकल आणून आपण शिकलो. दांड्याखालून पाय घालून आधी हाफ पायडल, मग फुल पायडल, आणि एकदाचं सीटवर. ज्याचा गुडघा फुटला नाही त्याला सायकल आली असं कोणी मानायचंच नाही.

त्यात आपलं गाव बुलढाणा! इथे सपाट रस्ता शोधून सापडत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलेलं गाव आहे हे. सकाळी शाळेत येताना ज्याला उतार, त्याला संध्याकाळी घरी जाताना चढ. जिल्ह्याचंसुद्धा आपण ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असंच वर्णन करतो. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. आपण, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा घाटावर. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. सायकल चालवणाऱ्याला नाही. त्याच्या मांड्यांना ते ठाऊक असतं.

आता एक गोष्ट तुमच्यासमोर मांडते. त्या स्टँडमध्ये मुलींच्या सायकली काही कमी नव्हत्या. पण दहावीनंतर त्या कुठे गेल्या? काही बारावीपर्यंत टिकल्या. मग कोणाची धाकट्या बहिणीला गेली, कोणाची भंगारात, कोणाची गच्चीवर गंजत राहिली. आम्हाला कोणी ‘चालवू नको’ असं स्पष्ट म्हटलं नाही. तशी गरजच पडली नाही. शाळा संपली तशी सायकलची सबब संपली. मुलीने सायकलवर दिसायचं ते शाळेला, क्लासला, फार तर दळणाला. काम संपलं की सायकल संपली. मुलांचंही पुढे तेच झालं, फक्त कारण वेगळं. त्यांच्या हाती मोटारसायकल आली, आणि सायकल म्हणजे ज्याला गाडी परवडत नाही त्याचं वाहन, असं डोक्यात बसलं.

सबब असलेली सायकल काय करू शकते, हे मात्र कमी लेखू नका. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालली. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीच्या जोडीला बायकांना सायकल शिकवण्याचं काम मोहिमेत घेतलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या हजारो बाया सायकलवर आल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं, म्हणून देशाला कळलं. पुढे २००६ साली बिहार सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्याचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या त्या वयाच्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातलं अंतर ४० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि त्याच कार्यक्रमातल्या निळ्या बसगाड्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. सकाळी खेड्यांकडून येणाऱ्या रस्त्यावर मुलींची सायकलींची रांग दिसली की मला फार बरं वाटतं.

पण त्या रांगेकडे पाहताना मनात एक प्रश्नही येतो. बारावीनंतर यांच्याही सायकली गच्चीवरच जाणार का?

माझी कशी परत आली ते थोडक्यात सांगते. शेगावला इंजिनिअरिंग केलं, मग पुण्यात नोकरी. वीस वर्षं खुर्ची, पडदा, मीटिंग. चाळिशी जवळ आली तशी पाठ बोलू लागली आणि साखरेचा आकडा सीमेवर येऊन उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. जिमला नाव घातलं. तिथे आरशासमोर चालत्या पट्ट्यावर चालायचं, म्हणजे चालायचं आणि कुठेच जायचं नाही. तीन महिन्यांत कंटाळले.

त्याच सुमारास कंपनीच्या कामासाठी काही महिने नेदरलँड्सला होते. तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. लोकांच्या रोजच्या फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक फेऱ्या सायकलवर होतात. सत्तरीच्या आजी भाजी घेऊन जाताहेत, सुटाबुटातला माणूस ऑफिसला निघालाय, आई पुढे एक आणि मागे एक लेकरू बसवून शाळेत सोडतेय. कोणाच्याही अंगावर खेळाडूंचे कपडे नाहीत आणि कोणाच्याही तोंडावर ‘मी व्यायाम करतोय’ असा भाव नाही. मला वाटलं, या देशाला हे जन्मतःच मिळालं असणार. तसं नाही. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली, तेव्हा कुठे सायकलींसाठी रस्ते झाले. म्हणजे तिथली माणसं आपल्यापेक्षा वेगळी नाहीत. त्यांनी मागितलं आणि मिळवलं.

परत आल्यावर मी पुण्यात साधी गिअरची सायकल घेतली. पुणं एके काळी सायकलींचंच शहर होतं. मग दुसरी एक जुनी सायकल इथे आईकडे आणून ठेवली. आता दिवाळीत, उन्हाळ्यात, आणि आईची तब्येत पाहायला येते तेव्हा, रोज सकाळी तासभर चालवते. आणि खरी गंमत पुण्यात नाही, इथे सुरू झाली.

पहिल्याच दिवशी सकाळी सहाला गल्लीतून बाहेर पडले. सडा घालणाऱ्या काकूंनी विचारलं, “कुठी चालली वं?” मी म्हटलं, “कुठीच नाई काकू, जरा फिरून येते.” त्यांचा हात थांबला. “काहून? काही झालं का घरी?” दुसऱ्या दिवशी दूधवाल्या भाऊंनी विचारलं, “ताई, गाडी बंद पडली काय?” तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एका काकांनी आईला फोन केला, की पोरगी एवढी शिकली, पुण्यात कमावते, आणि सायकलवर फिरते, सगळं ठीक आहे ना?

मी हसले, पण नंतर विचार करत राहिले. त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता, उलट मायेने विचारत होते. पण प्रश्नात एक गोष्ट दडली होती. बाई घराबाहेर पडली म्हणजे तिला काम असणार. काम नसताना, केवळ बरं वाटतं म्हणून बाहेर पडणं, हे आपल्याकडे पुरुषांच्या वाट्याला आलंय. ते चौकात चहाला उभे राहिले तर ‘काहून?’ असं कोणी विचारत नाही. मला तुम्हाला आज एवढंच सांगायचंय. सायकल व्यायामासाठी चालवा, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालवा, काहीही करा. पण तिचा खरा गुण असा, की ती तुम्हाला रोज अर्धा तास असा देते ज्याचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही. तो अर्धा तास आपण दहावीनंतर मागितलाच नाही. आता मागू या.

आता इंजिनिअर असल्याचा थोडा पुरावा देते, नाहीतर आपले गणिताचे सर म्हणतील, हिला शिकवलेलं वाया गेलं.

सायकलसारखं काटकसरी यंत्र माणसाने दुसरं केलेलं नाही. १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात एस. एस. विल्सन यांचा लेख आला होता. एक किलोमीटर जायला कोणाला किती शक्ती लागते याची त्यात तुलना होती, प्राणी, पक्षी, यंत्रं सगळ्यांची. नुसता चालणारा माणूस त्यात काही पहिला नव्हता. पण तोच माणूस सायकलवर बसला की सगळ्यांच्या पुढे. आमच्या क्षेत्रातले स्टीव्ह जॉब्स हीच तुलना सांगून म्हणायचे की संगणक म्हणजे बुद्धीची सायकल. म्हणजे आमच्या धंद्यात सर्वांत मोठी शाबासकी द्यायची झाली, तर सायकलची उपमा देतात!

आता आपला हिशेब. मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाण्याला यायचं, तर उंची साधारण ४०० मीटर वाढते. मी आणि माझी सायकल मिळून ७५ किलो. एवढं ओझं ४०० मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा सुमारे ७० किलोकॅलरी. आपलं शरीर खाल्लेल्यातला जेमतेम पाव भाग पायडलपर्यंत पोचवतं, म्हणून चौपट धरा, २८० किलोकॅलरी. वारा आणि टायरचं घर्षण यांचा खर्च वेगळा. पण नुसता घाट म्हणाल, तर तो दीड-पावणेदोन ज्वारीच्या भाकरीत चढून होतो. घाट वाटतो तेवढा मोठा नाही, आणि भाकरीही वाटते तेवढी लहान नाही. वजन कमी करायला सायकल घेतलेल्यांनी हे दुसरं वाक्य लिहून ठेवावं. घाट चढून आल्यावर चार कचोऱ्या खाल्ल्या तर हिशेब कुठे जातो, ते तुम्हीच काढा.

मघाशी आपण दिवंगत वर्गमित्रांना श्रद्धांजली वाहिली. त्यांतले दोघं हृदयविकाराने गेले, पंचेचाळिशीच्या आत. सायकल चालवली असती तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्यांच्यावर आणि त्यांच्या घरच्यांवर अन्याय होईल. पण आपण जे इथे बसलोय, त्यांच्यापैकी कितीजण सकाळी रक्तदाबाची गोळी घेऊन आलेत, हात वर करा म्हटलं तर मलाही करावा लागेल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. १५० मिनिटं म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, रोज अर्धा तास. मध्यम श्रम कसे ओळखायचे? सायकल चालवताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. दम लागून बोलणंच बंद झालं, तर वेग कमी करा. एवढं सोपं आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगते.

पहिली, नवी महागडी सायकल लगेच घेऊ नका. गच्चीवरची खाली उतरवा. पंक्चरच्या दुकानात न्या, छर्रे आणि ग्रीस बदलून घ्या, चाकांचा आउट काढून घ्या, ब्रेकची रबरं आणि टायर-ट्यूब नवीन टाका. बऱ्याच वेळा एवढ्यात ती पुन्हा धावते. घाट चढायचा असेल तर मात्र गिअर हवेत. मागचं चक्र जितकं मोठं आणि पुढचं जितकं लहान, तितका चढ हलका. आपल्या गावात दोन-चार गिअर म्हणजे चैन नाही, गरज आहे.

दुसरी, सीटची उंची. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेली बरीच मंडळी मला भेटली, आणि त्यांतल्या बहुतेकांची सीट खाली होती. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजाने पायडल मारा, गुडघा थोडा वाकलेला राहतो. पाच मिनिटांचं काम, एक पाना पुरतो.

तिसरी, हवा आणि काटे. आठवड्याला एकदा हवा भरा. आपल्याकडे बाभळीचे काटे आणि सराटे यांना तोटा नाही, म्हणून पंक्चर काढायला स्वतः शिका. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधणं, घासून सोल्युशन लावणं, ही विद्या मुलांना शिकवण्यासारखी आहे. सुगीत सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं असतं, त्यावर चाक घसरतं. तिथे सरळ उतरून चाला.

चौथी खास मैत्रिणींसाठी. सायकल हृदयासाठी आणि सांध्यांसाठी चांगली, पण तिच्यावर आपलं वजन सीटने पेललेलं असतं, म्हणून हाडांना तिचा फारसा फायदा नाही. या वयात हाडांची काळजी आपल्याला जास्त. तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस चालणं, जिने चढणं किंवा थोडं वजन उचलणं सोबत ठेवा. ओढणी बांधून घ्या, चेनकव्हर असलेली सायकल घ्या. हेल्मेट घाला, मागे लाल दिवा लावा. ज्यांना साखरेची गोळी सुरू आहे त्यांनी खिशात थोडा गूळ किंवा बिस्किटं ठेवा.

आणि जायचं कुठे? कुठेच नाही, हे तर मी सांगितलंच! पण रस्ता लागतो. नवशिक्यांसाठी चिखली रोडने येळगाव धरणापर्यंत. पैनगंगेचं पाणी, सकाळचा वारा, आणि परत येताना गरम चहा. हात बसला की चिखलीपर्यंत. बोथ्याच्या रस्त्याने खामगावकडे जाणारा ज्ञानगंगा अभयारण्याचा पट्टा फार सुंदर आहे, पण तिथे एकट्याने आणि अंधारात जाऊ नका. अस्वलं आहेत. आणि २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, शेतं, नाले, रस्ते ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगेत आला होता, हे तुम्ही वाचलंच असेल. त्यालाही कोणी ‘कुठी चालला रे?’ विचारलं असतं, तर त्यानेही बहुतेक माझंच उत्तर दिलं असतं. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर-सिंदखेडराजातून गेलाय, गुळगुळीत आहे, पण तिथे मोटारसायकललाही परवानगी नाही, मग आपली काय कथा. आपल्यासाठी जुने गावरस्तेच बरे. तिथे गाड्या कमी आणि ओळखीची माणसं जास्त.

मोठी स्वप्नं पाहणाऱ्यांनाही मी अडवत नाही. आपल्या विदर्भाचे, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, विशीत असताना, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, सुमारे २९,००० किलोमीटर. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करण्याच्या ब्रेव्हे आता आपल्या राज्यात ठिकठिकाणी होतात. ज्याला जमेल त्याने जरूर करावं. पण मोबाइलमधल्या त्या ॲपवर रोज कोणाचे किती किलोमीटर झाले हे पाहत बसू नका. मी तीच ॲपं बनवणाऱ्या धंद्यातली आहे, म्हणून सांगते. ते आकडे तुम्हाला पुन्हा पुन्हा ॲप उघडायला लावण्यासाठी मांडलेले असतात. रोज सकाळी परीक्षेचा निकाल कशाला हवा? तो आपण या शाळेत पुरेसा पाहिलाय.

शेवटी एक गोष्ट सांगते, जी सांगायची परवानगी मी घेतली आहे, नाव न घेण्याच्या अटीवर. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण. तिचं घर शाळेच्या अगदी जवळ, म्हणून तिला सायकल कधी मिळालीच नाही. घरात दोन भाऊ होते, त्यांना मिळाली. मागच्या उन्हाळ्यात ती मला म्हणाली, “मला शिकव. पण कोणी पाहू नये.” त्रेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलं कॉलेजात.

लहान मुलाला शिकवतो तसं मागे कॅरिअर धरून पळणं मला या वयात जमण्यासारखं नव्हतं, आणि तिला पडण्याची भीती. म्हणून दुसरा मार्ग काढला. सायकलची दोन्ही पायडलं काढून टाकली, सीट इतकी खाली केली की दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील. मग हलक्या उतारावर नुसतं पायांनी ढकलत जायचं. तीन दिवस ती फक्त ढकलत होती. चौथ्या दिवशी पाय उचलून धरायला लागली, पाच सेकंद, दहा सेकंद. तोल म्हणजे काय ते शरीराला कळलं की पायडल मारणं सोपं असतं. सहाव्या दिवशी पायडलं परत लावली. आठव्या दिवशी तिने मैदानाला पूर्ण फेरी मारली आणि थांबायचं कसं ते विसरून सरळ कुंपणाच्या मेंदीत गेली. बाहेर आली तेव्हा केसात पानं, डोळ्यांत पाणी, आणि हसू आवरत नव्हतं. “एवढंच होतं?” म्हणाली. “एवढ्यासाठी मी तीस वर्षं थांबले?”

आता ती रविवारी आमच्यासोबत येळगावला येते. आम्ही पाच जणी आहोत. पाहिल्यावर कोणी ‘काहून?’ विचारत नाही आता. सडा घालणाऱ्या काकू आता म्हणतात, “आज उशीर झाला का वं?” गावाला सवय व्हायला एक उन्हाळा आणि एक पावसाळा पुरला.

मघाशी नेदरलँड्सचं सांगितलं, ते त्यासाठीच. गावाची सवय माणसांनी बदलता येते. म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने माझ्या दोन विनंत्या आहेत. एक, आपण शाळेला काही भेट द्यायची म्हणतोय. ती देताना सायकल स्टँडच्या पत्र्यांचा विचार व्हावा, आणि तिथे हवा भरायचा एक पंप, पान्यांचा एक संच आणि पंक्चरचं सामान कायमचं ठेवावं. लांबून सायकलवर येणाऱ्या मुलींची सायकल वाटेत पंक्चर झाली, की तिचा दिवस जातो, आणि असे चार दिवस गेले की घरचे म्हणतात, राहू दे. त्याला उपाय एक डबा सोल्युशनचा आहे. दुसरी विनंती, शाळेचं मैदान रविवारी सकाळी एक तास ज्या बायांना सायकल शिकायची आहे त्यांच्यासाठी उघडं मिळावं. मुख्याध्यापकांनी मान डोलावली आहे, ती मी होकार समजते. शिकवायला आम्ही पाच जणी आहोतच. मी पुण्यात असेन तेव्हा चार.

उद्या सकाळी सहा वाजता शाळेच्या फाटकापासून येळगावला निघतोय. थंडी आहे, स्वेटर घाला, पण जाड नको, पहिल्या चढावरच काढावा लागेल. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांच्यासाठी सहा सायकलींची सोय केली आहे. ज्या सरांना आणि बाईंना जमणार नाही त्यांनी धरणावर गाडीने यावं, चहा आमच्याकडे लागू. वेग कोणाचाही कितीही असो, सर्वांत मागच्या माणसासाठी सगळे थांबतील. कोणी वाटेत विचारलं की कुठे चाललात, तर काय सांगायचं ते तुम्हाला ठाऊक आहे.